आधी आईच्या खांद्यावर

आमच्या अजितच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली ते साल दोन हजार चोवीस. मे महिन्यात चाळीच्या गच्चीवर वडे-सागोतीचं जेवण केलं. पंगत उठायच्या आत अजितची पोरगी प्राची मोबाइल नाचवत आली आणि ओरडली, "आजी, फेलोशिप लागली!" सून प्रिती रडायला लागली. आमच्या घरात पीएच.डी. हा शब्द तोवर फक्त शेजारच्या भूषणसाठी वापरला जायचा.

भूषण म्हणजे डॉक्टर बुद्धभूषण गमरे. माझ्या मैत्रिणीचा, राधाचा, एकुलता एक मुलगा. राधा आणि मी एकाच गिरणीत वाइंडिंगला होतो, एकाच मजल्यावर राहिलो, एकाच विहारात संध्याकाळच्या वर्गात पाटी घेऊन बसलो. केस पिकायला लागल्यावर आम्हाला अक्षरं आली. शिकवायला हाच भूषण होता, तेव्हा कॉलेजात जाणारा. माझा हात धरून त्याने माझ्याकडून माझं नाव लिहून घेतलं. हे मी विसरलेले नाही. पुढे जे सांगणार आहे ते ऐकताना तुम्हीही विसरू नका.

प्राचीने गाईड म्हणून त्यालाच निवडलं. आपल्या चाळीचा माणूस, आपल्याला सांभाळेल, असं तिला वाटलं. मलाही वाटलं. विषय होता गिरणगावातल्या खानावळवाल्या बायका. पोरगी लालबाग-परळ पालथं घालून म्हाताऱ्यांच्या तोंडून एकेक गोष्ट काढून आणायची. दिवाळीच्या आधी भूषणला दिल्लीला परिषद होती. तो म्हणाला, तुझ्या मुलाखती दे, मी माझ्या निबंधात वाचतो. प्राची म्हणाली, "सर, माझं नाव असेल ना?" तो म्हणाला, "आभारात टाकू." तिने दिल्या नाहीत.

डिसेंबरात पहिला प्रगती अहवाल होता. फेलोशिपचा नियमच तसा आहे. दर सहा महिन्यांनी कमिटीपुढे काम दाखवायचं आणि गाईडने शेरा द्यायचा. लागोपाठ दोन शेरे वाईट आले की फेलोशिप बंद, नाव कमी. भूषणने लिहिलं, प्रगती असमाधानकारक. वर तोंडी सांगितलं, "मे महिन्यातही मला वेगळं काही दिसेलसं वाटत नाही."

पोरगी दोन दिवस जेवली नाही. कारण कळल्यावर मी दादरला त्याच्या घरी गेले.

त्याने मला सोफ्यावर बसवलं, चांगल्या कपातून चहा दिला.

"मावशी, तुम्ही का आलात? फोन करायचा."

"फोनवर तुझं तोंड दिसत नाही. पोरीने काम केलंय की नाही, खरं सांग."

"केलंय, पण संशोधनाची शिस्त असते. तुम्हाला नाही कळायचं त्यातलं."

"मुलाखती दिल्या असत्या तर शिस्त आली असती का?"

त्याने कप खाली ठेवला. "बघा, ती आपल्या चाळीची आहे म्हणूनच मला कडक राहायला हवं. उद्या लोक म्हणतील, गमरे आपल्या माणसांना सवलत देतो. मला कोणी कधी सवलत दिली नाही. मी कधी मागितली नाही."

मी चहा संपवला आणि उठले.

कोणी कधी सवलत दिली नाही! त्याला स्वतःला स्कॉलरशिप होती तेव्हा एका वर्षी कावीळ झाली. पावसाळाभर आडवा. एक ओळ लिहिलेली नव्हती आणि अहवालाची तारीख आली होती. तेव्हा राधा आणि मी, दोघी, गिरगावात फणसवाडीच्या पलीकडे त्याच्या गाईडचं घर शोधत गेलो. ज्युडिथबाई. लाकडी जिना, दारावर क्रूस, आत मांजरं. राधाला बोलताच येईना. मीच सांगितलं, पोरगा पिवळा पडलाय, हातात पेन धरवत नाही. बाईंनी आमच्यासमोर सही केली. म्हणाल्या, "तो लिहील, मला माहीत आहे." राधा पायाला वाकली तर बाई मागे सरकल्या. "पाया नको. तो सर झाला की त्याच्याकडेही कोणी येईल. तेव्हा त्याला माझी आठवण करून दे." राधाने शब्द दिला. "देते बाई," म्हणाली. परत येताना ती माझा हात धरून चालत होती.

आता तुम्ही म्हणाल, मग राधाला लगेच का नाही सांगितलंस? ती तर तुझ्या दाराला दार लावून राहते. मुलाच्या दादरच्या घरी चार दिवस काढून परत आलेली, म्हणायची, तिकडे लिफ्टमध्येसुद्धा कोणी बोलत नाही गो. तिला सांगायला मला चार पावलं चालावं लागलं असतं.

प्राची म्हणायची, "राधाआजीला काही बोलू नकोस. तिचं हृदय नाजूक आहे." मी मान डोलवायची. पण माझं कारण वेगळं होतं. घरात सांगितलं असतं तर राधाने त्याला घरात झापलं असतं. तो घरात "हो आई, चुकलं आई" म्हणाला असता आणि दारातून बाहेर पडून पुन्हा डॉक्टर गमरे झाला असता. मला घरातलं नको होतं. माझी पोरगी कमिटीपुढे, दहा माणसांत, नालायक ठरली होती. मला माणसं हवी होती.

मग मार्चमध्ये भिवा आला. भिवा आमच्या चाळ कमिटीचा सेक्रेटरी, बोलायला लागला की माइक असो नसो सारखाच आवाज. "मावशी, भूषण विभागप्रमुख झाला. जयंतीला त्याचा सत्कार ठेवलाय. विद्यापीठातली मोठी माणसं येणारेत. शाल तुम्हीच घालायची, चाळीत आता तुमच्याहून मोठं कोण आहे?"

"घालते की," मी म्हणाले.

इथे आमची रीत सांगायला हवी. आमच्या चाळीत सत्काराची शाल सत्कारमूर्तीला घालत नाहीत. फार वर्षांपूर्वी चाळीतला पहिला मुलगा मॅट्रिक झाला, तेव्हा सगळे त्याला हार घालत होते आणि त्याची आई मागे दाराला टेकून उभी होती, फाटका पदर लपवत. कोणीतरी म्हणालं, अरे, आधी तिला पांघरा, तीच घालेल पोराला. तेव्हापासून तेच चालू आहे. चाळीतली सगळ्यात म्हातारी बाई शाल आईच्या खांद्यावर घालते. आई ती काढून मुलाच्या खांद्यावर घालते. मग टाळ्या, मग जय भीमचा गजर. आई शाल देते तेव्हाच सत्कार झाला म्हणायचं.

चौदा एप्रिलला चाळीचं पटांगण निळ्या झालरींनी भरलं होतं. वंदना झाली, पोरांची भाषणं झाली. पहिल्या रांगेत विद्यापीठातली सुटाबुटातली माणसं. भूषण पांढऱ्या सदऱ्यात, छातीवर बिल्ला. प्राची मागे पाणी वाटत होती. तिने यायचंच नाही ठरवलं होतं, मीच आणली.

भूषणने आधी भाषण केलं. चाळीचे उपकार, आईचे कष्ट, सगळं बोलला. चांगलं बोलला. आणि शेवटी म्हणाला, "मी जो उभा आहे तो नियम पाळून उभा आहे. मला कोणी सवलत दिली नाही आणि मी कोणाला देत नाही."

टाळ्या पडल्या. राधाही वाजवत होती.

भिवा ओरडला, "आता सत्कार! गंगुबाई मावशींना विनंती, त्यांनी राधाबाईंना शाल घालावी!"

मी शाल उघडली. चांगली होती, मऊ, कडेला निळी किनार. राधा खुर्चीत लहान पोरीसारखी लाजून बसली होती. मी मागून तिच्या खांद्यावर शाल घातली आणि ती नीट करायच्या निमित्ताने तिच्या कानाशी वाकले.

"राधे," मी म्हणाले, "ज्युडिथबाईंना दिलेला शब्द आठवतो? तुझ्या पोराने माझ्या प्राचीला नापास केलंय. मे महिन्यात पुन्हा करणार आहे. पोरीने काम केलंय. तिचं काम त्याला स्वतःच्या नावावर हवं होतं, ते दिलं नाही म्हणून."

एवढंच. मी बाजूला झाले.

राधाने माझ्याकडे पाहिलं. मी खोटं बोलत नाही हे तिला साठ वर्षांपासून माहीत आहे. तिने मागे वळून प्राचीला शोधलं. मग राधाने मुलाकडे पाहिलं. भूषण तिच्यापुढे वाकून उभा होता, मान खाली, खांदे शालीसाठी तयार.

राधाने शाल काढली नाही.

भिवा म्हणाला, "राधाबाई, शाल द्या आता."

राधाने शालीची दोन्ही टोकं छातीशी धरली.

"आई?" भूषण हळूच म्हणाला.

"तू मघाशी काय बोललास?" राधा म्हणाली. माइक भिवाच्या हातात होता, तिच्यापासून हातभर अंतरावर. सगळ्यांना ऐकू गेलं. "तुला कोणी सवलत दिली नाही?"

"आई, नंतर बोलू. लोक बघतायत."

"मी गिरगावला कोणाच्या पाया पडायला गेले होते रे? आणि तुझ्या पायाशी आता कोण पडणार? गंगीची नात? आधी पोरीचं काम सरळ कर. मग शाल माग."

मागे एक तान्हं पोर रडलं, त्याच्या आईने त्याला उचलून नेलं. पहिल्या रांगेतला एक साहेब शेजारच्याच्या कानाशी लागला. भूषण वाकलेलाच होता. आता सरळ व्हावं की वाकून राहावं, हे त्याला कळत नव्हतं. मी त्याच्या अगदी समोर उभी होते. मी डोळे भरून पाहिलं. खोटं कशाला सांगू, लग्नाच्या दिवशीही मला इतका आनंद झाला नव्हता.

भिवाने लाउडस्पीकरवर गाणं लावलं. तो तरी दुसरं काय करणार?

त्या रात्री भूषणने मला जिन्यात गाठलं. "तिच्या कानात काय सांगितलंत?"

"अक्षर ओळख करून दिली," मी म्हणाले. "तू आम्हाला दिली होतीस तशी."

"घरी येऊन सांगायचं होतं, मावशी. इतक्या माणसांत?"

"तुझ्या घरी आले होते. चहा चांगला होता."

मे महिन्यात अहवाल गेला. शेरा आला, प्रगती समाधानकारक. प्राचीने अर्ज करून गाईडही बदलून घेतला. सत्काराला पहिल्या रांगेत बसलेले साहेबच कमिटीत होते, त्यांनी काही विचारलंच नाही. फेलोशिप चालू राहिली.

मग एका रविवारी भूषण आईकडे आला. मी तिथेच भाजी निवडत होते. त्याने अहवालाची प्रत आईच्या मांडीवर ठेवली. "झालं आई, पोरीचं काम." आणि लहानपणी चतकोर भाकरीसाठी बसायचा तसा खाली जमिनीवर बसला.

शाल खुंटीवर होती. राधाने खुंटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "काय गो गंगे, देऊ का?"

तिने मला विचारलं. तिला द्यायची होती, हे तिच्या आवाजात कळत होतं. आई आहे ती. माझ्या तोंडून एक "हो" हवा होता. प्राची दारात उभी होती, तिनेही डोळ्यांनी सांगितलं, आजी, पुरे आता.

"नको," मी म्हणाले.

"मावशी, मी सही केली," भूषण म्हणाला.

"केलीस. आईने पटांगणात मागितली म्हणून केलीस. ज्युडिथबाईंना कोणी पटांगणात मागायला गेलं नव्हतं."

राधाने खुंटीवरची नजर काढली. मग म्हणाली, "राहू दे रे भूषण. पुन्हा कधीतरी." तो उठला, आईच्या पाया पडला आणि गेला. माझ्याकडे त्याने पाहिलं नाही.

बाहेर प्राची माझ्यावर भडकली. "माझं काम झालं होतं ना आजी? तू अजून काय वसूल करत होतीस?"

"तुझं झालं," मी म्हणाले. "माझं नव्हतं झालं."

चाळीत लोक म्हणतात, त्या शालीने राधा खचली. खचली असेल. तिचं जेवण तुटलं हे खरं. संध्याकाळी ती माझ्याजवळ येऊन बसायची, पण आधीसारखं बोलायची नाही. मीही बोलायची नाही. एकदाच म्हणाली, "तू माझ्या कानात सांगितलंस ते बरं केलंस. पण तिथेच का गं?" तिला उत्तर ठाऊक होतं.

ती गेली तेव्हा तिला आंघोळ घालायला मीच होते. पांढऱ्या कपड्याच्या आत मी ती शाल गुंडाळली, निळी किनार वर येईल अशी. भूषण दारातून म्हणाला, "मावशी, ती मला द्या. आईची आठवण म्हणून ठेवतो."

त्याचे डोळे सुजले होते. मला दिसत होतं.

"ती तिची आहे," मी म्हणाले, आणि वरून कपडा ओढून घेतला.

भोईवाड्याच्या स्मशानात शाल तिच्याबरोबर जळली. 

राधा गमरे शुक्रवारी, सत्तावीस जून दोन हजार पंचवीसला, पहाटे आपल्या खोलीत वारली.