ब्रेकवरचा पाय

तिन्हीसांजेला नानांच्या अंगणात मुंगीला शिरायला वाट नव्हती. भाटघरच्या पाण्याकाठची ती अख्खी वाडी तिथं लोटली होती, आणि सगळे जण एका पांढऱ्या व्हॅनच्या मागच्या बाजूला टक लावून उभे होते. चावी नानांच्या खिशात, गाडीत चिटपाखरू नाही, आणि तरीही मागचे दोन्ही ब्रेकचे दिवे लालभडक पेटलेले.

"आयला, डोळं वटारल्यागत दिसतंय," गेनू हा शेजारचा गडी म्हणाला आणि दोन पावलं मागं सरकला.

व्हॅन नानांच्या थोरल्या मुलाची, सोनबाची. वाडी ते भोर शिटा भरून वडाप करून त्यानं घर चालवलं. दिवाळीनंतर एका सकाळी त्याच्या छातीत कळ आली आणि दुपारपर्यंत तो गेला. धाकटा मानसिंग गाडीवर बसू लागला, आणि काही दिवसांनी हे दिव्यांचं सुरू झालं. गाडी दारात लावावी तर मागचे दिवे जळतच राहायचे. पहाटे विझायचे. "सोनबाचं भूत दिवसा झोपतं," असा वाडीनं निकाल दिला. रात्रभर दिवे जळून बॅटरी बसली की ते विझणारच, आणि म्हणूनच रोज सकाळी गाडीला धक्का मारावा लागतो, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही.

कापूरहोळच्या फाट्यावर गॅरेजांची रांग लागलीय. नाना त्या रांगेवरून चालत पुढं गेले आणि ढाब्यामागच्या मठातल्या कंदीलबाबाला घेऊन आले!

सोनबाची आई जाईबाई तर रोज ब्रेकजवळ दहीभाताची वाटी ठेवू लागली होती. वाकून हळूच विचारायची, "सोनबा, पाय दुकत्यात का रं?" ते ऐकून मानसिंगची बायको शिवानी स्वयंपाकघरात तोंडात पदर कोंबून रडायची. म्हातारीची तिला कीव यायची. आज मात्र तिला फक्त राग येत होता, कारण बाबानं दुपारीच निवाडा करून टाकला होता.

"ब्रेकवर पाय सोनबाचा हाय," बाबा डोळे मिटून म्हणाला होता. "पन तो ठिवायला लावला कुनी? घरात नवं पाऊल कुनाचं आलं? पांडऱ्या पायाची हाय ही! ही उंबऱ्याच्या आत हाय तवर मुडदा गाडी सोडायचा न्हाई. वेल्ह्याची ना ही? उद्याच्या पयल्या यस्टीनं वेल्ह्याला. कायमची. आन गाडी वरीसभर मठाच्या सेवेला."

शिवानीच्या कपड्यांची पिशवी उंबऱ्याशी आणून ठेवली होती. भरली होती खुद्द मानसिंगनं. लग्नाला सहा महिनेही झाले नव्हते. तिनं त्याच्याकडं पाहिलं, तर हा गडी चपलेचा अंगठा न्याहाळत बसला. असल्या नवऱ्याला काय ओवाळायचंय!

आता बाबा चालकाच्या जागेवर जाऊन बसला. दार सताड उघडं, धोतर ऐसपैस पसरलेलं, पाय अनवाणी. त्याचा चेला मागं, दिव्यांशी.

"ओम् फट् स्वाहा! तांबड्या डोळ्याच्या, मिट डोळा!" बाबा गरजला.

"इजला! इजला!" गर्दी ओरडली.

"उगड डोळा!"

"पेटला!"

लोकांनी पटापट हात जोडले. जाईबाईनं जमिनीवर डोकं टेकलं. बाबानं मान वळवली आणि शिवानीकडं बोट केलं. "ये हिकडं. पायावर डोकं ठिव आन सोनबाची माफी माग."

शिवानीच्या अंगाचा तिळपापड झाला. पण सासरे समोर, गाव समोर. ती गेली, दाराशी गुडघे टेकले आणि वाकली. आख्खं गाव गाडीच्या मागं उभं होतं. पुढं, बाबाच्या पायांशी, ती एकटी.

"मिट डोळा!" वरून आवाज आला.

तिच्या नाकासमोर धोतराची कड हलली. बाबाच्या पायाचा अंगठा ब्रेकच्या, पायानं दाबायच्या पट्टीखाली शिरला आणि त्यानं पट्टी अलगद वर उचलली.

"इजला!"

"उगड डोळा!" अंगठा वर आला आणि त्यानं पट्टी बोटभर खाली दाबली.

"पेटला!"

शिवानीनं दोन्ही हातांनी बाबाचा घोटा पकडला. असा पकडला की बाबा मंत्र विसरून आईला हाक मारू लागला.

"धरला!" ती ओरडली. "भावजींचा पाय गावला मला! या, बगा, ह्याला अंगठ्यात जोडवंबी हाय!"

"सोड, सत्यानाश व्हईल!"

"कुनाचा ते बगू! गेनूभावजी, तुमी तितंच थांबा आन काय दिसतंय ते मोट्यानं सांगा." तिनं बाबाचा पाय बाहेर ओढून काढला आणि स्वतःच्या हातानं पट्टी वर उचलली.

"इजला!" गेनू म्हणाला.

तिनं पट्टी दाबली.

"पेटला! आरं तिच्या!" गेनू पळत पुढं आला. त्याच्यामागून सगळं गाव पुढं आलं. ह्या गडबडीत चेला पसार झाला. बाबालाही जायचं होतं, पण त्याचं धोतर शेजारच्या खुर्शिदाचाचींच्या मुठीत होतं.

शिवानीनं टॉर्च मागवला आणि पट्टीच्या दांडीवर उजेड पाडला. दांडी वर जिथं खिळीवर फिरते तिथून ते स्प्रिंगपर्यंत शेंदराचा जाड, काळपट थर चढला होता. दर शनिवारी तेल-शेंदूर फासलेला, त्यावर रस्त्याची धूळ बसलेली, आणि सगळं वाळून दगड झालेलं.

"हे कुनी लावलं?" तिनं विचारलं.

"म्या," नाना चाचरत म्हणाले. "सोनबा गेल्यापासनं. लेकराचा पाय असायचा तितं, म्हून."

चाचींनी रॉकेल आणलं. शिवानीनं उलथन्यानं थर खरवडला, चिंधीनं सांधा आणि स्प्रिंग पुसून काढली. पट्टी टक्कन वर आली. मागचे दिवे विझले आणि विझलेलेच राहिले.

"नीट बगा," ती म्हणाली. "हितं वर बटन हाय. पट्टी पुरती वर आली की बटन दाबलं जातं आन दिवा इजतो. पट्टी खाली गेली की बटन सुटतं, दिवा लागतो. ह्याला चावी लागत न्हाई. शेंदरानं पट्टी चिकटून खालीच ऱ्हायची. भूत तुमच्या शेंदरात व्हतं, नाना. आन ह्या लबाडाला ते ठावं व्हतं."

लोकांनी बाबाला जे काय दिलं ते त्यानं आयुष्यभर विसरू नये. चाचींनी त्याला पोलीस पाटलाच्या ओसरीपर्यंत धोतराला धरूनच ओढत नेलं.

नाना खाकरले. "पोरी, झालं-गेलं सोड. पिशवी आत ने."

पण जाईबाई पुढं आली होती. तिनं त्या पुसलेल्या पट्टीवरून हात फिरवला. "मंग माजा सोनबा न्हाई हितं?"

शिवानी तिच्याशेजारी बसली. "न्हाई, आत्या. ते गेले." आणि मग इतके दिवस गिळलेलं सगळं तिच्या तोंडून बाहेर आलं. "नाना, भावजींच्या छातीत कळ आली तवा म्या म्हनलं व्हतं, भोरला दवाखान्यात न्या. तुमी म्हनला, नव्या सुनंनं मधी बोलू ने. आन सकाळपासनं दुपारपातुर ह्याच बाबाचा अंगारा छातीला चोळला. दवाखाना तितं व्हता. डॉक्टर व्हता. भरल्या टाकीची ही गाडी दारात उभी व्हती. दिवा लागला तवाबी तेच. कुनामुळं लागला, एवढंच इचारलंत. कशामुळं लागला, हे एकानं तरी वाकून बगितलं? माजं सोडा, मला वेल्ह्याला माजं घर हाय. पन उद्या ह्या वाडीत आनखी कुनाच्या छातीत दुकलं, तर काय करनार तुमी?"

नाना मटकन व्हॅनच्या पायरीवर बसले आणि पहिल्यांदाच, सोनबाच्या मरणानंतर पहिल्यांदाच, ढसाढसा रडले.