बधिर गालातले खिळे

फुंकरबाबांनी ओठांचा चंबू केला आणि अख्खं सभागृह श्वास रोखून बसलं. समोर तोंड वासून बसलेल्या बाईच्या जिभेवर त्यांनी चिमूटभर पांढरं चूर्ण टेकवलं, डोळे मिटले, हळूच फुंकर घातली आणि जरा थांबून विचारलं, "दुखतंय?"

"नाही हो!" बाईला रडूच कोसळलं. "सकाळपासून पाणीसुद्धा गिळवत नव्हतं मला!"

"तोंडातली आग वाऱ्याने विझवतो आपण," बाबा म्हणाले. वाऱ्याने आग भडकते हे शेंबडं पोरही सांगेल, पण टाळ्यांचा कडकडाट झाला. माइकवाल्या शिष्याने बाबांच्या नावाची आरोळी ठोकली आणि रांग पुढे सरकली.

रांगेत दादाच्या मागे दातांची डॉक्टर उभी होती आणि तिच्या अंगाचा नुसता तिळपापड होत होता. सगळं गाव तिच्यापुढे तोंड उघडायचं, सख्खा थोरला भाऊ तेवढा उघडत नव्हता. दादा सोफे आणि खुर्च्यांना कापड चढवायचा. एका हाताने कापड ताणायचं, दुसऱ्यात हातोडी, म्हणून बारीक खिळे गालात धरायचे आणि जिभेने एकेक ओठांवर आणायचा. त्याच गालात आतून जखम झाली होती. महिना उलटला तरी ती भरत नव्हती.

"दादा, खिळे तोंडात धरू नकोस. कोमट मिठाच्या पाण्याने चुळा भर, तिखट बंद कर, आणि मला एकदा आत बघू दे," हे सांगून सांगून तिच्या घशाला कोरड पडली होती.

"चिमे, तुझे दुधाचे दात मी पाडलेत," दादाचं उत्तर ठरलेलं. "बाबांनी एका फुंकरीत दुखणं घालवलं. तू काय घालवलंस?"

तो जांभई देताना तिला जखमेची कडा ओझरती दिसली होती. जाड, पांढुरकी. तेव्हापासून तिला धड झोप नव्हती. कॅन्सर हा शब्द घरात काढायची तिची हिंमत होत नव्हती.

दादाची पाळी आली. पुन्हा चूर्ण, पुन्हा फुंकर, आणि घरी रोज लावायला पुन्हा एक पुडी.

"श्रद्धा कमी पडते तुझी, म्हणून परत येतं," बाबांनी निदान केलं.

आता मात्र तिचा संयम सुटला. "बाबा, मलाही द्या की चिमूटभर."

"तुला कुठे तोंड आलंय?"

"नाही आलं, म्हणूनच तर मागतेय."

"रोग नाही त्याला चूर्ण चालत नाही!"

"न चालायला काय झालं?" माइकवाला शिष्य भक्तीच्या भरात पुढे सरसावला. "बाबांचा प्रसाद आहे!" आणि बाबा अडवेपर्यंत त्याने चांगली बोटभर पूड जिभेवर ठेवलीसुद्धा.

थोड्या वेळाने त्याने आरोळी ठोकायला माइक उचलला. तोंडातून नुसता बोबडा गलबला निघाला. त्याने घाबरून जीभ बोटाने चाचपली.

"बोट लागलेलं जिभेला कळत नाही ना?" डॉक्टरने माइक घेतला. "याला तोंड आलेलं नाही, बाबांनी फुंकरही घातली नाही. तरी जीभ बधिर! दात काढण्याआधी मी हिरडीला लावते, तसलंच औषध आहे या पुडीत. त्याने दुखायचं थांबतं, जखम तिथेच राहते. साधं तोंड आलेलं असेल तर ते आठ-पंधरा दिवसांत आपलं आपण बरं होतं, आणि नाव होतं फुंकरीचं. ज्यांचं होत नाही त्यांची श्रद्धा कमी! अहो, तीन आठवड्यांत बरं झालं नाही तर डॉक्टर गाठा!"

मग ती दादाकडे वळली. "गाल बधिर करून त्यातच खिळे धरतोस तू. टोचतात ते कळतही नाही तुला. रोज नवी जखम करतोयस, दादा!"

सगळ्यांच्या माना वळल्या तेव्हा बाबांची खुर्ची रिकामी होती.

दादाने तोंड उघडलं. जखमेचा तुकडा तपासायला गेला. अहवाल चांगला आला. खिळे वाटीत गेले, टोकाला लोहचुंबक असलेली हातोडी आली आणि जखम भरली.

काही दिवसांनी ती दादाच्या कारखान्यात गेली, तर तो एका गिऱ्हाईकाला सांगत होता, "काही म्हणा, बाबांच्या फुंकरीचा गुण आला, जरा उशिरा आला इतकंच."

तिने कपाळावर हात मारला. वाद घालायचं त्राणही उरलं नव्हतं. तिने खिळ्यांची वाटी उचलून त्याच्यापुढे धरली.

"आला ना गुण? मग हे घे. टाक तोंडात."

दादाने वाटीकडे पाहिलं, बहिणीकडे पाहिलं, आणि गालाच्या आतून जीभ फिरवली. मग त्याने वाटी घेऊन बाकावर ठेवली आणि हातोडीच्या टोकाने एक खिळा उचलला.