खाऱ्या पाण्यावरचा ट्रक

जेसल पार्कच्या पलीकडे, खाडीला लागून असलेल्या मैदानात त्या रविवारी सकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. मधोमध झेंडूच्या माळा घातलेला एक जुना छोटा ट्रक उभा होता. नीरानंद बापूंचा शिष्य पंढरीनाथ याने टाकीखालचा नट काढला आणि आतलं सगळं पेट्रोल लोकांदेखत बादलीत सोडलं. शेवटचा थेंब पडल्यावर नट पुन्हा बसवला, बादली लांब नेली. मग बापू पुढे आले.

"हे काय आहे?" त्यांनी तांब्या उंच धरला. "तुमच्याच बापजाद्यांच्या मिठागराचं पाणी! ज्या पाण्याने तुमच्या पिढ्या पोसल्या, त्याला एक ट्रक जड आहे? सायन्सवाले म्हणतात, पेट्रोल पाहिजे. अरे, पेट्रोल काय मंगळावरून आलं? तेही जमिनीतलं पाणीच, फक्त रुसलेलं! आम्ही त्याची समजूत काढतो."

मोजून दोन तांबे पाणी टाकीत गेलं. पंढरीनाथने चावी फिरवली. इंजिन दोनदा खाकरलं आणि सुरू झालं! ट्रकने मैदानाला तीन फेऱ्या मारल्या. शिट्ट्या झाल्या, फोन वर झाले.

"भाईसाब, अब सब पेट्रोल पंप बंद," कोणीतरी म्हणालं.

बापूंनी हात वर केला. "इंजिन म्हणजे लोखंडाचा देह, आणि देह म्हणजे हाडामांसाचं इंजिन. जे पाणी लोखंडाला चालवतं, ते तुमच्या हृदयाला नाही चालवणार? रोज सकाळी एक फुलपात्र तीर्थ. गोळ्यांच्या डब्या द्या खाडीत फेकून! आणि आता त्या हातांना वंदन करू, ज्यांनी हे इंजिन बांधलं. काशीनाथभाऊ, या!"

गर्दीच्या कडेला उभा असलेला काशीनाथ पुढे आला. हाटकेशला त्याचं गॅरेज तीस वर्षं जुनं. गळ्यात हार पडला तेव्हा त्याने मान खाली घातली. लोकांना तो विनय वाटला. पुढच्या रांगेत बसलेली त्याची थोरली बहीण अनसूया शेजारणीला कोपराने ढोसत म्हणाली, "माझा भाव हाय तो!"

काशीनाथला त्या ट्रकचं आतलं सगळं माहीत होतं.

महिन्यापूर्वी पंढरीनाथने तो ओढत आणला होता. फ्युएल इंजेक्शनचं जुनं मॉडेल. इंजिनात पेट्रोल कधी आणि किती फवारायचं, हे ठरवणारा छोटा कॉम्प्युटर जळालेला. तो आता कुठेच मिळत नव्हता. काशीनाथने ती सगळी यंत्रणा काढून त्या जागी कार्बोरेटर बसवला. कार्बोरेटर म्हणजे साधं, जुनं काम: त्याच्या वाटीत पेट्रोल साठतं, इंजिन श्वास घेताना ते हवेबरोबर ओढून घेतं. इंजेक्शनला पंपाचा मोठा दाब लागतो. कार्बोरेटरला पेट्रोल वरून नुसतं ठिबकलं तरी पुरतं.

म्हणूनच असं काम झालं की जुने मेकॅनिक टाकी न जोडता आधी बाटली लावतात. सलाइनची रिकामी बाटली पेट्रोलने भरायची, उंच टांगायची, नळी कार्बोरेटरला द्यायची आणि इंजिन ऐकायचं. काशीनाथने बाटली सीटच्या मागे टांगली होती. इंजिन सीटखालीच, त्यामुळे उतार आयता मिळाला.

"काका, ती बाटली तशीच राहू दे," पंढरीनाथ म्हणाला होता. "टाकीची नळी जोडू नका. टाकी गळतेय, नंतर बघू."

"बाटलीवर गाडी चालवत नसतात रे. पेटेल एखाद दिवशी."

"चार दिवसांचा तर प्रश्न आहे."

काशीनाथने नळी जोडली नाही. मैदानात टाकी रिकामी होताना पाहिली त्या क्षणी त्याला सगळं कळलं. तोंड उघडायचं ते तेव्हाच. पण तेव्हाच हार आला. दुसऱ्या दिवसापासून गॅरेजवर माणसं येऊन त्याच्या काळ्या हातांना कपाळ लावू लागली. मैदानात दर रविवारी तोच खेळ, तोच हार. 'आज सांगू, उद्या सांगू' करत तीन रविवार गेले.

चौथ्या आठवड्यात गुरुवारी सकाळी अनसूयाच्या हातून कप पडला. उचलायला गेली तर हात उठेना, तोंड एका बाजूला गेलेलं. रक्तदाब मोजणाऱ्या डॉक्टरांना आकडा इतका वर दिसला की त्यांनी यंत्र दोनदा लावून पाहिलं.

इस्पितळात तिच्या उशाशी तिची मुलगी कृतिका बसली होती. मीरा रोडच्या एका शाळेत ती विज्ञान शिकवते.

"आईने गोळ्या सोडल्या होत्या, मामा. मला सांगितलंच नाही. वर रोज फुलपात्रभर मिठागराचं पाणी. प्रेशरच्या माणसाला मीठ!" ती थांबली. "एक विचारू? टाकीत दर रविवारी खारं पाणी पडतंय. लोखंडाला काहीच होत नाही?"

"होतं. गंज खाऊन टाकेल."

"मग ट्रक चालतो कसा?"

काशीनाथची नजर अनसूयाच्या पलंगाशी टांगलेल्या सलाइनवर होती. थेंब, थेंब, थेंब.

"ते पाणी इंजिनापर्यंत जातच नाही," तो म्हणाला.

"तुला कधीपासून माहीत आहे?"

"पहिल्या रविवारपासून."

कृतिकाने आईची चादर सारखी केली. मग हळू आवाजात म्हणाली, "आईचा बापूवर विश्वास नव्हता रे. मी नको म्हणाले असते, तर ती काय म्हणाली असती सांगू? शेजारच्या मनोरमाकाकींना जे म्हणाली तेच. 'इंजिन काशीने बांधलंय, तो खोटं न्हाय करायचा.'"

त्या रविवारी काशीनाथने हार घालू दिला नाही. टाकी रिकामी झाली, दोन तांबे पाणी पडलं, इंजिन सुरू झालं. ट्रक निघणार तोच त्याने दार उघडलं, सीटमागे हात घातला आणि नळी चिमटीत घट्ट दाबली.

"भाऊ, हात काढा! शक्ती भंगते!" बापू ओरडले.

"पाण्यावर चालतोय ना? मग माझ्या चिमटीने काय होणार?"

इंजिन चालूच राहिलं. बापूंच्या चेहऱ्यावर रंग परतला. "बघा! श्रद्धेची परीक्षा घेतोय, आणि यंत्र हसतंय त्याला!"

लोक हसले. काशीनाथ मनात आकडे मोजत होता. कार्बोरेटरच्या वाटीत किती पेट्रोल मावतं, ते त्यानेच तर बसवताना पाहिलं होतं. चाळिसाच्या आसपास इंजिन अडखळलं, दोन आचके दिले आणि बंद पडलं. त्याने चिमटी सोडली, पंढरीनाथला बाजूला सारून चावी फिरवली. सुरू. पुन्हा दाबली. पुन्हा बंद.

मग त्याने बाटली काढून लोकांच्या नाकाशी धरली. टाकीखालचा नट सोडला आणि तोच तांब्या खाली लावला. दोन तांबे ओतले होते, दोन तांबे परत आले. फक्त रंग बदलला होता. आधीच्या रविवारांच्या गंजाने तांबडा.

"पाणी एक थेंब जळलेलं नाही," कृतिका मोठ्याने म्हणाली. "ज्याला मोजता येतं, त्याने येऊन मोजावं."

"हमको उल्लू बनाया?" मागून आवाज आला. बापू मंडपामागे उभ्या असलेल्या स्वतःच्या गाडीकडे निघाले होते. ती मात्र पंपावरच्या पेट्रोलवर चालत होती.

"त्यांना नंतर बघा," काशीनाथ म्हणाला. "आधी मला बघा. हे मी बांधलं. बाटली मी टांगली. मी एक शब्द खोटं बोललो नाही, फक्त गप्प बसलो, आणि माझी बहीण आज एका हाताची झाली. घरी जा, गोळ्या घ्या, डॉक्टरला दाखवा. आणि पुढच्या वेळी कोणी चमत्कार दाखवला, तर हात जोडायच्या आधी सीट उचलायला सांगा. खरं असेल तर उचलल्याने बिघडत नाही."

अनसूया घरी आली. उजवा हात अजून उठत नाही. रोज सकाळी काशीनाथ येतो, तिच्या जिभेवर गोळी ठेवतो आणि ग्लास पुढे करतो. 'बाय, मला माफ कर,' हे त्याने पहिल्याच दिवशी म्हणून टाकलं होतं.

ती ग्लासाकडे बघते, मग त्याच्याकडे. डाव्या हाताने ग्लास त्याच्याकडे सरकवते.

"आधी तू पी."

तो एक घोट पितो. ती त्याचा चेहरा नीट न्याहाळते. मगच पिते.