छप्पन्न किलोची बॅटरी

बॅटरी निवडायच्या बैठकीला मिस्त्री मुद्दाम दहा मिनिटं उशिरा गेला. वेळेवर गेलं की खुर्च्या लावाव्या लागतात, हे बावीस वर्षांत तो शिकला होता. संस्थेची एकुलती एक प्रवासी बोट या काठावरून त्या काठावर नेणं, तिचं इंजिन जिवंत ठेवणं आणि अध्यक्षांचं ऐकून घेणं अशी त्याची तिहेरी नोकरी होती. तिन्हींपैकी शेवटचं काम सगळ्यात अंगमेहनतीचं.

धक्क्यावरच्या पत्र्याच्या ऑफिसात तो शिरला तर टेबलावर बॅटरी बसलेली आणि माणसं उभी. बॅटरी कसली, रेडकूच ते. ट्रकची होती. अध्यक्षांच्या मेव्हण्याचं ट्रकच्या सामानाचं दुकान होतं, तिथून ती संस्थेच्या सेवेत दाखल झाली होती. मेव्हणा शेजारीच उभा होता, नवऱ्या मुलीच्या मामासारखा.

"या मिस्त्री," अध्यक्ष म्हणाले. "बघा. छप्पन्न किलो! आपल्या काट्यावर तोललीय."

धक्क्यावर मासळी तोलायचा काटा होता, संस्थेपाशी असलेलं तेवढं एकच शास्त्रीय उपकरण. पूर्वी कुणीतरी मंजूर झालेला नांगर बदलून हलका नांगर बसवला होता. तेव्हापासून नियमच झाला : बोटीवर जाणारी वस्तू मंजुरीच्या दिवशी तोलायची आणि बसवायच्या दिवशी पुन्हा तोलायची. हळूहळू तोलणं हीच परीक्षा झाली. दोरखंड वजनावर घेतले, रंग वजनावर घेतला. मागच्या साली भोंगासुद्धा वजनावर घेतला होता. तो अजून वाजलेला नाही, पण बोटीवरनं हललेलाही नाही.

"अध्यक्षसाहेब, ही ट्रकची आहे," मिस्त्री म्हणाला.

"मग? ट्रक बोटीपेक्षा मोठा की लहान?"

"मोठा."

"झालं तर!"

चिटणीसबाईंनी लगेच लिहून घेतलं. कुणी 'झालं तर' म्हटलं की त्या ठराव समजून लिहीत.

मिस्त्रीने मोठा श्वास घेतला. "साहेब, ट्रकची बॅटरी म्हणजे पैलवान. एक दणका देते, इंजिन सुरू करते आणि बसते. मग इंजिनच तिला भरतं. आपल्या बोटीचं तसं नाही. माणसं चढेस्तोवर इंजिन बंद असतं, पण दिवे चालू, पाणी उपसायचा पंप चालू, आणि शिवाय..." इथे तो अडखळला.

शिवाय अध्यक्षांचं स्वागताचं भाषण. सात मिनिटांचं, 'प्रवासी बंधूंनो आणि भगिनींनो'पासून सुरू होणारं, लाउडस्पीकरवर फिरून फिरून वाजणारं. आधीच्या दोन बॅटऱ्या त्यानेच खाल्ल्या होत्या. पण हे तोंडावर बोलायला मिस्त्री काही काल जन्मला नव्हता.

"शिवाय किरकोळ गोष्टी चालू असतात," तो म्हणाला. "त्याला हळूहळू, दमानं देणारी वेगळी बॅटरी लागते. सीलबंद. या ट्रकवालीला झाकणं आहेत, बोट डुलली की तेजाब सांडेल. आपल्याला दोन बॅटऱ्या लागतील. एक चावीची, एक दमाची. दोन्हींच्या वायरी वेगळ्या. म्हणजे दमाची संपली तरी चावीची ताजी राहते."

"दोन?" मेव्हणा हसला. "भावजी, एका म्यानात..." मग त्याला वाक्य पुढे आठवेना. "मिस्त्रींना एवढी मोठी एक दिसत नाही आणि छोट्या दोन हव्यात!"

"त्या दोन मिळून किती किलो?" अध्यक्षांनी विचारलं.

"त्रेचाळीस."

अध्यक्षांनी सगळ्यांकडे पाहिलं. सगळ्यांनी मिस्त्रीकडे कीव आल्यासारखं पाहिलं. तेरा किलो कमी! झालं तर.

खरी गोम गुरुवारी होती. गुरुवारी बोट खात्याचा निरीक्षक येणार होता. त्याची परीक्षा साधी : इंजिन बंद ठेवून बोटीवरचं जे जे विजेवर चालतं ते तासभर चालवायचं, मग एका चावीत इंजिन सुरू झालं पाहिजे. नाही झालं तर परवाना पलीकडच्या काठावरच्या बोटवाल्या टकल्याला. टकल्याची नवी कोरी बोट तयारच होती, आणि त्याचा स्वतःचा मिस्त्रीही. म्हणजे आपल्या मिस्त्रीने शुक्रवारपासून घरी बसून बायकोचे सल्ले ऐकायचे. त्यापेक्षा अध्यक्ष परवडले.

बायको शिवणकाम करायची. वीज गेली तरी मशीन आणि दिवा चालावा म्हणून तिच्या पायाशी एक सीलबंद बॅटरी होती, दमानं चालणारी. बुधवारी दुपारी मिस्त्री तिच्याकडे बघत राहिला.

"काय बघताय? बावीस वर्षांत असं बघितलं नाहीत," बायको म्हणाली.

"तुझ्याकडे नाही. तिच्याकडे."

"हात लावाल तर खबरदार! उद्या सहा ब्लाउज द्यायचेत."

"उद्या संध्याकाळी परत आणतो. आईशपथ."

"कुणाच्या आईची?"

बराच वेळ वाटाघाटी चालल्या. मिस्त्रीने महिनाभर भांडी घासायचं कबूल केलं तेव्हा कुठे बॅटरी सुटली. चावीची बॅटरी त्याने स्वतःच्या मासेमारीच्या होडीतनं काढली. मग बोटीत जाऊन दोन्ही एका लाकडी पेटीत नीट बसवल्या, पट्ट्यांनी आवळल्या, वायरी वेगळ्या केल्या आणि वर झाकण लावलं. पेटीवर पांढऱ्या रंगात लिहिलं : 'मा. अध्यक्षांनी निवडलेली बॅटरी'. छप्पन्न किलोचं रेडकू हातगाडीवर घालून घरी रवाना केलं.

आता एकच अडचण राहिली. काटा.

गुरुवारी सकाळी पेटी काट्यावर चढणार होती, आणि या दोन्ही बॅटऱ्या मिळून भरल्या होत्या त्रेचाळीसच. मिस्त्री काठावर फिरला, एक गोल गुळगुळीत दगड उचलला, काट्यावर ठेवला. साडेबारा. दुसरा उचलला. तेरा! लाकडाचं वजन चिटणीसबाई कधीच धरायच्या नाहीत. पण मिस्त्री शिस्तीचा माणूस. त्याने पेटी वेगळी तोलून ते वजन खडूने बाजूला लिहूनही ठेवलं. दगड फडक्यात गुंडाळून दोन्ही बॅटऱ्यांच्या मधे असा बसवला की जणू कारखान्यातनंच आलाय.

सकाळी पेटी सोडवून तोलली. पेटी वजा जाता छप्पन्न. चिटणीसबाईंनी शिक्का मारला. अध्यक्षांनी पेटीवरचं स्वतःचं नाव वाचलं आणि खिशातला चष्मा काढून पुन्हा एकदा नीट वाचलं.

निरीक्षक आला. बारीक, अबोल माणूस, हातात पाटी. पलीकडच्या काठावर टकल्या दुर्बीण लावून बसला होता. दिवे लागले. पंप सुरू झाला. "लाउडस्पीकरपण लावा," अध्यक्ष म्हणाले. "जे जे विजेवर चालतं ते ते. नियम म्हणजे नियम."

मग तासभर धक्क्यावर 'प्रवासी बंधूंनो आणि भगिनींनो'. चौथ्या फेरीला निरीक्षकाने खाली मान घातली. सातव्या फेरीला धक्क्यावरचं कुत्रं उठून गेलं. आठवी फेरी संपत आली तसा स्पीकर घोगरा झाला आणि भाषण ऐन 'आपला नम्र'वर मान टाकून बंद पडलं. दिवेही मंदावले.

अध्यक्षांचा चेहरा उतरला. मेव्हणा दोन पावलं मागे सरकला, मग आणखी दोन.

"फिरवा चावी," निरीक्षक म्हणाला.

मिस्त्रीने चावी फिरवली. इंजिन एका झटक्यात धडधडलं. पलीकडे टकल्याने दुर्बीण खाली ठेवली.

"अरे वा," निरीक्षक पहिल्यांदाच माणसासारखं बोलला. "सगळं संपूनसुद्धा? पेटी उघडा बघू."

हा भाग मिस्त्रीने धरलाच नव्हता. झाकण वर झालं. अध्यक्ष, मेव्हणा, चिटणीसबाई, सगळे वाकले. आत दोन छोट्या बॅटऱ्या, आणि मधे फडक्यात एक दगड.

अध्यक्षांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. मिस्त्रीला शुक्रवार दिसायला लागला, आणि त्यात भांडी.

"चावीची वेगळी, दमाची वेगळी," निरीक्षक म्हणाला. "या धक्क्यावर पहिल्यांदाच कुणीतरी डोकं वापरलंय. कुणाचं हे?"

मिस्त्रीने पेटीवरच्या पांढऱ्या अक्षरांकडे बोट दाखवलं. "अध्यक्षसाहेबांची निवड. लिहिलंयच की."

अध्यक्षांनी पेटीकडे पाहिलं, मिस्त्रीकडे पाहिलं, निरीक्षकाच्या हातातल्या पाटीकडे पाहिलं आणि छाती पुढे काढली. "मी पहिल्यापासूनच म्हणत होतो, एक पैलवान पुरत नाही."

"आणि हा दगड?"

मिस्त्री खोकला. पण अध्यक्ष आता थांबणार थोडेच!

"तो... तोल सांभाळायला! बोट डुलते ना साहेब. बरोबर तेरा किलो. कमी नाही, जास्त नाही. आमचं संशोधन आहे."

निरीक्षकाने कपाळ चोळलं. भाषणाच्या आठ फेऱ्या ऐकलेल्या माणसात वाद घालायची ताकद उरत नाही. त्याने लिहिलं : 'योग्य. दगडास हरकत नाही.' परवाना मिळाला.

संध्याकाळी मिस्त्री बायकोची बॅटरी काढायला गेला तर पेटीला कुलूप. अध्यक्षांनी स्वतः लावलेलं. आजूबाजूच्या धक्क्यांवरची माणसं ती पेटी बघायला येणार होती.

महिन्याभरात मेव्हण्याच्या दुकानात बोटीचे खास दगड मिळायला लागले, तेरा किलोचे, फडक्यासकट. पहिला टकल्याने नेला.

मिस्त्रीच्या घरी बायको त्या छप्पन्न किलोवर पाय ठेवून ब्लाउज शिवते. वीज गेली की ती बॅटरी थोडा वेळ चालते आणि मान टाकते. मग बायको अंधारात शांतपणे विचारते, "भांडी झाली का?"

"झाली," मिस्त्री मोरीतनं ओरडतो. महिना कधीच उलटून गेलाय, पण हा विषय काढायची त्याची हिंमत होत नाही.