कोरी चकती

सोमवारी सकाळी नऊ वाजता प्रयोगशाळेत थोरलीने इन्क्युबेटरमधून प्लेट काढली, उजेडाकडे धरली, आणि पाल्याच्या अर्काच्या चकतीभोवती तिला स्वच्छ वर्तुळ दिसलं. तिने पट्टी लावली. चौदा मिलिमीटर. पट्टी खाली ठेवून तिने घरी फोन लावला.

"आई, पाला लागू पडला."

 पलीकडे नळ बंद केल्याचा आवाज आला. "नक्की?"

"माझ्या समोर आहे."

"बरं," म्हणून आईने फोन ठेवला.

तिने आधी दुसरी प्लेट उघडली असती, तर हा फोन केलाच नसता.

काम सांगायला सोपं आहे. वनस्पती वाळवायची, कुटायची, मिथेनॉलमध्ये भिजत घालायची. उतरलेला अर्क कागदाच्या नखाएवढ्या चकतीवर जिरवायचा, चकती पूर्ण वाळू द्यायची आणि जंतू पसरलेल्या प्लेटवर ठेवायची. अर्कात दम असेल तर चकतीच्या आसपास जंतू वाढत नाहीत, तिथे स्वच्छ वर्तुळ उरतं. दम नसेल तर जंतू चकतीला येऊन भिडतात. थोरलीची नेमणूक बुरशीवर होती. झाडांच्या साली घेऊन ती नखांच्या बुरशीमागे हात धुऊन लागली होती. पाल्याचं काम तिचं घरचं.

सहा वर्षांपूर्वी धाकट्या बहिणीच्या पायात गंजका पत्रा घुसला. आईने गॅलरीतल्या कुंडीतला पाला ठेचून बांधला, तिच्या आईने तिला बांधला होता तसाच. दोनदा बदलला. दवाखान्यात नेलं तोवर पट्टी हिरवी पडली होती आणि खोलीभर उतरलेल्या द्राक्षांसारखा गोडसर वास सुटला होता. धाकटी घरी परत आली नाही. डॉक्टर एवढंच म्हणाले, आधी आणायला हवं होतं. आईला कुणी बोल लावला नाही. लावायची गरजच उरली नव्हती. तेव्हापासून ती त्या कुंडीला पाणी घालत नव्हती आणि झाड उपटूनही टाकत नव्हती. झाडही असं चिवट, की पावसाच्या शिंतोड्यांवर जगत राहिलं. कधीतरी भाजी निवडताना, मान वर न करता, आई विचारायची, "त्या पाल्यात खरंच काही नसतं का गं?"

धाकटीच्या जखमेतला जंतू दवाखान्याच्या प्रयोगशाळेने गोठवून ठेवला होता. असे जंतू ठेवतातच, त्यात वेगळं काही नाही. थोरलीने रीतसर परवानगी घेऊन त्याची एक नळी आपल्या फ्रीझरमध्ये आणली. माणूस गेलं होतं, तो होता. शून्याखाली ऐंशी अंशांवर निपचित पडलेला. प्लेटवर पसरला की दुसऱ्या दिवशी जागा व्हायचा, हिरवा व्हायचा, आणि झाकण उचललं की तोच वास. पहिल्यांदा तो वास आला तेव्हा थोरली उठून खिडकीशी जाऊन उभी राहिली होती. नंतर सवय झाली, निदान ती तसं धरून चालली.

तर त्या सोमवारी, फोन ठेवल्यावर, शेजारच्या टेबलावरचे काका आले. त्यांना सगळे कंट्रोलकाका म्हणत. कुणीही काहीही दाखवायला नेलं, अगदी लग्नाचे फोटो नेले, तरी त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला.

"कंट्रोल कुठाय?"

"दुसऱ्या प्लेटवर आहे. यात जागा पुरली नाही."

"बघितलास?"

"बघते की."

कंट्रोल म्हणजे कोरी चकती. नुसत्या मिथेनॉलमध्ये बुडवलेली, अर्काशिवाय. तिच्याभोवती काहीही दिसायला नको. काकांनी ती प्लेट उजेडाकडे धरली आणि थोरलीच्या हातात दिली. कोऱ्या चकतीभोवती वर्तुळ होतं. पट्टी लावायची गरज नव्हती, तरी तिने लावली.

"चकत्या वाळवल्या होत्यास?"

"शुक्रवारी घाईत होते."

"मग मिथेनॉलने मारलेत ते. तुझा पाला बिचारा नुसता शेजारी बसून होता." काकांनी चष्मा कपाळावर ढकलला. "पहिल्या वर्षाच्या पोरांना मी यासाठी उठाबशा काढायला लावतो. तुला काय लावू?"

"काका, मी घरी सांगून बसलेय."

काकांना धाकटीचं ठाऊक होतं. त्यांनी चष्मा पुन्हा खाली घेतला. "आजच्या आज सांग. आधी हवं तर पुन्हा लाव, पण सांग."

तिने पुन्हा लावलं, या वेळी चकत्या खडखडीत वाळवून. जंतू पाल्याच्या चकतीला अगदी खेटून हिरवेगार उगवले. कोऱ्या चकतीलाही. दोन्हींत काडीचा फरक नव्हता. बुरशीवरही पाल्याने काही केलं नाही.

पण त्याआधी, त्या सोमवारी संध्याकाळी ती घरी गेली तेव्हा कुंडीतली माती काळीभोर, ओली होती. आईने जेवताना धाकटीचा विषय आपणहून काढला, आणि हसत काढला. "चप्पल म्हणून कधी घातली नाही गं तिने. चपलेला लाजायची की काय कोण जाणे." इतक्या वर्षांत आई तिच्याबद्दल असं बोलली नव्हती. थोरलीचा घास हातातच राहिला. नवीन प्लेट येऊ दे, मग सांगू, असं तिने ठरवलं. नवीन प्लेट आल्यावर रविवारी निवांत सांगू, असं ठरवलं. रविवारी आई झाडाची सुकलेली पानं खुडत बसली होती. तो रविवारही तसाच गेला.

मग घरात वास येऊ लागला.

आधी टॉवेलला आला. तिने तो उकळत्या पाण्यात घातला. मग बाहेरच्या खोलीत, पंखा लावला की यायचा. बंद केला की जायचा. गोडसर, उतरलेल्या द्राक्षांचा. तिने नखं मुळापासून कापली, हात कोपरापर्यंत घासले. एकदा दार उघडताच तो अंगावर आला आणि क्षणभर तिला वाटलं, आत धाकटी पाय उशीवर टेकवून पडली आहे, आणि आता हाक मारील.

दुसऱ्या दिवशी तिने काकांपुढे हात धरले. "वास येतो का?"

"फिनेलचा येतो. काय गं, फरशी पुसून आलीस?" मग तिचा चेहरा बघून त्यांनी विचारलं, "प्रयोगशाळेतला कोट कुठे धुतेस?"

"घरी."

"घरी कोण?"

 कोट आई धुवायची. मोरीत भिजवून, अनवाणी पायांनी उभी राहून. प्रयोगशाळेतली धुलाई कपडे पांढरे काढत नाही, असं तिचं म्हणणं होतं.

ती दुपारीच घरी आली. आई खाटेवर बसली होती. उकाडा मी म्हणत होता आणि आईच्या पायात मोजे होते.

"मोजे काढ."

"टाच फाटलीय थोडी. दरवर्षी फाटते. तू अशी अवेळी कशी?"

"आई, काढ आधी."

डाव्या मोज्याखाली फडकं होतं, फडक्याखाली ठेचलेला पाला, आणि पाल्याच्या कडेने हिरवा ओलावा पार घोट्यापर्यंत चढलेला. वास इथून येत होता. आईला साखरेचा त्रास. पायाला मुंग्या असत, दुखणं कळत नसे.

"कधीपासून?"

"तू सांगितलंस त्याच दिवसापासून. आधी नुसतं तेल लावत होते." आईने फडकं परत ओढून घेतलं. "असू दे ना. तूच म्हणालीस लागू पडतो."

"नाही पडत. माझं चुकलं होतं, आई. मी चकत्या वाळवल्या नव्हत्या."

चकत्या काय, वाळवणं काय, यातलं आईला काही कळण्यासारखं नव्हतं. तिने ते विचारलंही नाही. 

"म्हणजे तिच्या वेळीही नाही," ती म्हणाली.

थोरलीने रिक्षा बोलावली.

दवाखान्यात जखम धुतली, पू तपासायला घेतला. डॉक्टर वयाने लहान होते. धाकटीच्या वेळचे नव्हते. जंतू त्याच जातीचा निघाला. थोरलीने कोटाचं सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "मॅडम, हा मोरीत असतो, नळाच्या तोंडाशी असतो, कुंडीच्या ओल्या मातीत असतो. तुमच्या कोटातूनच आला असं म्हणता येत नाही." मग म्हणाले, "नाही आला असंही म्हणता येत नाही."

ते म्हणता यावं म्हणून धाकटीच्या आणि आईच्या जखमेतले जंतू जुळवून बघायचं ठरलं. जुळणी कंट्रोलकाकांनी स्वतःकडे घेतली, आणि तिसरा, कुठलाच संबंध नसलेला नमुना आपणहून सोबत जोडला. त्यांनी थोरलीला एवढंच बजावलं, की निकाल येईपर्यंत तिने त्या नळ्यांना हात लावायचा नाही.

आईला वॉर्डात खिडकीजवळची खाट मिळाली. चादर जखमेला टेकू नये म्हणून पायावर जाळी उभी करून वरून ती टाकली होती. ग्लानीत असायची, मधूनच स्वच्छ बोलायची.

"तिचाच आहे का गं तो?"

"काय, आई?"

"माझ्या पायातला. तिच्या पायातलाच आहे का?"

"कळायचंय अजून."

आईने मान हलवली. तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. कुणीतरी येणार असल्याचा निरोप आलेला असावा, आणि ते कधी येणार एवढंच विचारायचं राहिलं असावं, तशी ती दाराकडे बघत होती. थोरलीला ते बघवेना. ती उठून पाणी आणायला गेली.

बुधवारी काकांनी आईच्या जंतूची नळी फ्रीझरमध्ये ठेवली. त्या रॅकमध्ये एकच घर रिकामं होतं, धाकटीच्या नळीशेजारचं. जुळणीचा निकाल अजून आलेला नाही. टाच ठेवायची की पाय काढायचा, हे डॉक्टर उद्या सकाळी ठरवणार आहेत. आज दुपारी ताप उतरलेला नव्हता.