बाराची नोंद

"अशी माणसं मला देवासारखी वाटतात," पडद्याकडे काठी रोखून व्याख्यानाला आलेल्या पाहुणीबाई म्हणाल्या. "बत्तीस वर्षं, दिवसातून तीनदा नदीवर जायचं, पाण्याची उंची वाचायची, वहीत लिहायची. एका दिवसाचा खाडा नाही. इतकी स्वच्छ नोंद मी दुसऱ्या कुठल्या नदीची पाहिलेली नाही."

मी मागच्या टेबलावर कप मांडत होते. पडद्यावर एका जुन्या वहीचं पान होतं. डावीकडे वेळा: सहा, बारा, सहा. उजवीकडे आकडे. त्यातल्या एका नवाची शेपटी खालच्या ओळीत घुसलेली दिसली.

ती शेपटी माझी होती.

उपयोजित गणिताच्या या विभागात मी बावीस वर्षं काढली. खुर्च्या लावायच्या, फळा पुसायचा, दारावर व्याख्यानाचा कागद चिकटवायचा, चहा द्यायचा. शाळा दहावीपर्यंत, पुढचं शिक्षण उभ्याउभ्या झालं. जेवणानंतरच्या व्याख्यानात बसलेले लोक डुलक्या काढतात आणि मी उभी असते म्हणून जागी असते, एवढाच माझा मोठेपणा. समीकरणं कळत नाहीत. पण बोलणारा कुठे चाचरतो ते कळतं. 'हे तर उघडच आहे' असं कुणी म्हणालं की ओळखावं, या जागी याने दोन महिने डोकं आपटलंय.

पाहुणीबाई मात्र कुठेच चाचरत नव्हत्या. वहीचं पान गेलं, आलेख आला. निळ्या ठिपक्यांची रांग, साखरेकडे निघालेल्या मुंग्यांसारखी शिस्तीत. आणि त्या सगळ्यांच्या डोक्यावर, पडद्याच्या पार वरच्या कडेला, एकटा लाल ठिपका.

"हा एक नग बघा. सकाळी सहाला पाणी जवळजवळ शून्य. संध्याकाळी सहाला दोन मीटर, नेहमीसारखं. आणि मध्ये, दुपारी बाराला, सात मीटर चाळीस! बरं, त्याआधीचे पाच दिवस पावसाचा एक थेंब नाही." त्या हसल्या. "देवांनी त्या दिवशी पाण्याऐवजी दुसरं काहीतरी घेतलेलं दिसतंय."

सगळे हसले. डुलकी काढणारेही जागे होऊन हसले.

"त्यामुळे हा दिवस आपण काढून टाकतो."

एक बटण दाबलं. लाल ठिपका गेला. वर ताणलेली वक्र रेषा निमूट खाली आली.

"आता शंभर वर्षांतून एकदा येऊ शकेल असं पाणी किती, तर चार मीटर साठ. नदीकाठच्या नव्या रुग्णालयाची भिंत पाच मीटर आहे. म्हणजे पुरेशी आहे. नगरपालिकेला तसा अहवाल जाईल."

त्या रुग्णालयात माझी मुलगी परिचारिका आहे. हाडांच्या विभागात, तळमजल्यावर. पाय मोडलेल्यांनी जिने कसे चढायचे, म्हणून तो विभाग खाली. ज्यांना पळता येत नाही ते सगळे खाली.

"काही प्रश्न?" विभागप्रमुखांनी विचारलं.

मी हात वर केला. बावीस वर्षांत पहिल्यांदा. सरांची नजर माझ्यावर आली आणि त्यांचा चेहरा मोकळा झाला.

"हो हो, ताई. आणा चहा."

मी चहा दिला.

*

घरी गेले तर आप्पा, माझे वडील, खिडकीशी खुर्चीत बसलेले. वय चौऱ्याऐंशी. त्यांच्या डोक्यामागे भिंतीवर काचेच्या चौकटीत मानपत्र: बत्तीस वर्षांत एकही नोंद न चुकवल्याबद्दल. आमच्या घरात एवढी एकच वस्तू रोज पुसली जाते.

"आप्पा, तुमच्या वह्या आज पडद्यावर दाखवल्या. एवढ्या मोठ्या."

"माझं नाव सांगितलं?"

"नाव नाही. पण देव म्हणाल्या."

ते लहान मुलासारखे हसले. मग खोकले. तो खोकला जुना. त्या दम्यानेच सगळं सुरू झालं होतं.

मी तेरा वर्षांची असताना त्यांना नदीच्या एकतीस पायऱ्या चढवेनाशा झाल्या. पायऱ्यांच्या कडेला पट्टी रंगवलेली होती. तिच्यावर पाणी कुठे टेकलंय ते वाचायचं. आप्पांचा नियम एकच: वरून वाचायचं नाही. वरून आकडा चुकतो. पाण्यापर्यंत उतरायचं, वाकायचं, मग वाचायचं. मी शाळेआधी उतरायची, मधल्या सुट्टीत पळत यायची, संध्याकाळी पुन्हा. जमेल तेव्हा. कडाक्याच्या थंडीत, परीक्षेत, आप्पांच्या उशाशी बसून रात्र काढल्यावर जमायचं नाही. मग ते अंथरुणातून सांगायचे, मी लिहायची. "कालच्यापेक्षा बोटभर कमी धर. आणि शेवटी शून्य नको. शून्य आलं की साहेबाला वाटतं, घरी बसून लिहिलंय." नोकरी गेली असती तर आम्हाला दुसरं छप्पर नव्हतं, घर नोकरीबरोबर मिळालेलं.

पाहुणीबाईंना आवडलेल्या मुंग्या त्या ह्या. खऱ्या नदीला इतकी शिस्त नसते.

आणि तो लाल ठिपका मी स्वतः उतरून वाचलेला. पंधरा वर्षांची होते. आदल्या दिवसापासून नदी बारीक झाली होती. सकाळी सहाला पट्टीचा पाय उघडा पडला होता, कधी न दिसणारा, शेवाळलेला. डबक्यांत मासे तडफडत होते. आभाळ धुतल्यासारखं निळं. बाराला मी आले तेव्हा आधी वारा आला, गार, मातीच्या वासाचा. मग आवाज. मी वरच्या पायऱ्यांवर होते म्हणून आज हे सांगते आहे. पाणी खालून सव्विसाव्या पायरीला येऊन थांबलं, करड्या रंगाचं, त्यात मुळांसकट झाडं. पाण्यापर्यंत उतरायची त्या दिवशी गरज पडली नाही. पाणीच माझ्यापर्यंत चढलं. मी वाकले, वाचलं: सात चाळीस. चार तासांत सगळं ओसरलं. तेव्हा खाली वस्ती नव्हती, नुसतं कुरण. एका नावाड्याची नाव गेली आणि बारा शेळ्या. शेळ्यांची नोंद कोण ठेवतो?

"वरच्या घळीत दरड कोसळली असणार," आप्पा तेव्हा म्हणाले होते. "पाणी तुंबलं आणि फुटलं." पण कचेरीतून पत्र आलं, नोंदीचा खुलासा करा. खुलासा केला तर माणूस येणार, आणि माणूस आला तर सगळ्याच वह्या उघडणार. आप्पांनी उत्तर लिहिलं: वाचनात चूक झाली असावी.

"आप्पा," मी म्हणाले, "तो ठिपका त्यांनी काढून टाकला. चूक म्हणून."

त्यांचं हसू जागच्या जागी राहिलं, फक्त डोळ्यांतून गेलं.

"कोणता?" त्यांनी विचारलं. माहीत असून.

तेवढ्यात मुलगी ड्यूटी संपवून आली. चपला काढता काढता तिने सगळं ऐकलं आणि तशीच उंबऱ्यात उभी राहिली.

"माझ्याकडे सोळा खाटा आहेत, आई. अकरा जणांच्या पायांना वजनं टांगलेली. आग लागली तर काय करायचं त्याचा कागद आहे भिंतीवर. पाण्याचा नाही."

"अगं, भिंत आहे की," आप्पा म्हणाले.

"पाच मीटर, आजोबा."

आप्पांनी मान वळवून मागच्या चौकटीकडे पाहिलं. बऱ्याच दिवसांनी पाहिलं असावं. ती त्यांच्या पाठीशी असते.

"सांगितलंस तर सगळंच सांगावं लागेल तुला," ते म्हणाले.

"हो."

"लोक म्हणतील, म्हातारा लबाड होता."

"म्हणतील."

"होताच." त्यांनी खोकला आवरला. "सांग त्या बाईंना, बाकीचे पुसा. तो एक ठेवा."

*

दुसऱ्या दिवशी पाहुणीबाईंचं उरलेलं व्याख्यान होतं. 'प्रश्न?' म्हटल्यावर या वेळी मी हात वर केला नाही. हात वर केला की चहा मागवतात. मी सरळ पुढे गेले, फळ्याच्या बाजूला, जिथे मी फक्त फडकं घेऊन जाते.

"काल तुम्ही काढलात तो ठिपका खरा आहे. मी स्वतः वाचलाय. वहीतलं अर्धं अक्षर माझं आहे."

सर अर्धवट उठले. "ताई, आपण नंतर..."

"थांबा," पाहुणीबाई म्हणाल्या. "खरा कशावरून?"

मी सांगितलं. दमा, पायऱ्या, अंथरुण, बोटभर कमी, शेवटी शून्य नको. बोलताना एकदाही चाचरले नाही याचं मला नंतर नवल वाटलं. खोलीत कुणी डुलकी काढत नव्हतं.

"म्हणजे बाकीच्या नोंदी घरी बसून लिहिलेल्या?" त्यांनी विचारलं.

"सगळ्या नाहीत."

"कोणत्या, ते सांगता येईल?"

"ज्या फार छान दिसतात त्या."

पाहुणीबाई हळूच खुर्चीवर बसल्या. चार वर्षांचं काम होतं त्यांचं. "मग माझ्याकडे काहीच उरत नाही," त्या म्हणाल्या. माझ्यावर रागावून नाही, फळ्याला सांगावं तसं.

सरांनी घसा साफ केला. "ताई म्हणतात ते महत्त्वाचं आहे, यात शंकाच नाही. पण आठवण म्हणजे पुरावा नव्हे. आणि एका ठिपक्यावर काही भिंत बांधता येत नाही." मग, खरंच मायेने, "तुम्ही बसा जरा. चहा आज दुसरं कुणीतरी देईल."

चहा कुणीच दिला नाही. पाहुणीबाई कप धुवायच्या मोरीपाशी आल्या, वही घेऊन. नदी किती तास बारीक होती, वारा आधी आला की आवाज, पाण्याचा रंग कसा, सगळं विचारून लिहून घेतलं. जाताना म्हणाल्या, "काल मी त्यांच्यावर हसले."

"त्यांना नाही सांगितलं मी ते."

अहवाल गेला. लाल ठिपका त्यात होता, तळटीपेत, बारीक अक्षरात: 'आठवणीवर आधारित, पडताळणी नाही.' भिंत पाच मीटरच राहिली. मानपत्र आप्पांनी उतरवायला लावलं, मी ते चादरींखाली ठेवलं. मुलीने एका कागदावर हाताने लिहिलं: पाणी आल्यास प्रथम वजनवाले, मग प्लास्टरवाले, मग कुबड्यावाले, खाटांच्या मोठ्या रॅम्पने वर. वरिष्ठांनी तो दोनदा काढला. तिने तिसऱ्यांदा औषधांच्या कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवला.

*

आज सकाळी मी नेहमीसारखी पुलावरून कामाला निघाले. सव्वानऊ वाजले होते. आभाळात ढगाचं बोटही नव्हतं. पुलाच्या मध्यावर मला वाटलं, आज काहीतरी कमी आहे. मग कळलं, आवाज. खाली पाणी वाजत नव्हतं.

मी कठड्यावरून वाकले. नदीच्या जागी दगड होते आणि त्यांच्यामधून एक मळकी धार. पट्टीचा पाय उघडा, शेवाळलेला. सदतीस वर्षांनी पाहिला तरी ओळखला. डबक्यांपाशी वीस-पंचवीस माणसं, टोपल्या, बादल्या घेऊन. जत्रा भरल्यासारखी हसत होती.

मी फोन लावला.

"आई, राउंड चालू आहे. काय?"

"नदी आटलीय."

आवाज खाली आणून ती म्हणाली, "किती?"

"पट्टीचा पाय दिसतोय. लोक मासे वेचतायत."

"आभाळ?"

"स्वच्छ."

"त्या दिवशी किती वेळ होता?"

"सकाळी सहाला मासे होते, बाराला पाणी. आज कधीपासून आटलीय, मला माहीत नाही."

"मोठ्या डॉक्टरांना काय सांगू?"

"सांग, आईला वेड लागलंय. पण ते सांगायच्या आधी खाटा हलव."

तिने फोन बंद केला नाही, खिशात टाकला असावा. कपाटाचं दार उघडल्याचं ऐकू आलं. मग तिचा आवाज, लांबून, कामाचा: "पहिली खाट. खटका काढा. वजन हाताने धरा, सोडायचं नाही."

मी कठड्यावरून ओरडले. बाहेर या, वर या, घसा फाटेपर्यंत. खालच्या एका बाईने मान वर केली, मला पाहिलं, आणि हसून हातातला मासा उंच धरून दाखवला. केवढा मोठा!

इथून काही ऐकू जाणार नव्हतं. पाण्यापर्यंत उतरावं लागणार होतं. मी पुलाच्या टोकाला गेले, चपला काढून एकीकडे ठेवल्या आणि जुन्या पायऱ्या उतरायला लागले. फोन कानाशी होता. तिकडे खाटांच्या चाकांचे खटके सुटत होते. एक. मग बराच वेळ काही नाही. दोन. तीन.

वाऱ्याला अजून मातीचा वास नव्हता.