सात नंबरची खाट

आजीने चष्मा नाकाच्या शेंड्यावर सरकवला आणि तिच्या युद्धकाळातल्या परिचारिकेच्या दिवसांवर नातवाने लिहिलेल्या बालकथेचा पाचवा मसुदाही नापास केला.

"मी कुठे रणांगणावर धावत गेले रे? शाळेच्या इमारतीत वॉर्ड होता आमचा. लढाई संपेपर्यंत जखमांच्या पट्ट्या उकळल्या, वाळवल्या, गुंडाळल्या. हात सोलून निघायचे नुसते."

"आजी, पट्ट्या उकळण्याची गोष्ट कुठलं मूल वाचेल?"

"मग नका वाचू म्हणावं. माझं काय अडलंय?"

अडले होते ते त्याचे. चार वर्षे उंबरठे झिजवल्यावर एका प्रकाशन संस्थेने त्याचे पहिले पुस्तक छापायचे कबूल केले होते, आणि मजकूर आज संध्याकाळपर्यंत हवा होता. पण इकडे आड, तिकडे विहीर! आजीला सगळे खरे हवे, संपादिकाबाईंना सगळे गोड.

त्याने मुकाट्याने रणांगण खोडले, पट्ट्या घातल्या. घोडे पेंड खाऊ लागले ते सात नंबरच्या खाटेपाशी. त्या खाटेवरचा जवान एका पहाटे दगावला होता. तो बरा होऊन घरी जावा, असा संपादिकाबाईंचा हट्ट.

"गेला तो," आजी म्हणाली. "जिवंत केलास तर माझी गोष्ट म्हणून सांगू नकोस."

"अगं, सात-आठ वर्षांची मुलं वाचणार. त्यांना काय सांगू?"

"खरं सांग."

आता मात्र त्याचा संयम सुटला. "तू सांगितलं होतंस का गं खरं? कुणी गेलं की उजाडायच्या आत नवी चादर घालायचात आणि शेजारच्याला सांगायचात, दुसऱ्या वॉर्डात हलवलं. तूच म्हणाली होतीस ना?"

बोलून गेला आणि ओशाळला. दुपारचे ऊन तिच्या हातांवर उतरले होते. कातडी इतकी विरलेली, की उजेड आरपार जाईल असे वाटावे.

"म्हणाले होते," ती म्हणाली. "आठ नंबरला एकोणीस वर्षांचं पोर होतं. मला ताई म्हणायचं. त्यालाही तेच सांगितलं. पण त्याला खरं काय ते कळलं होतं. दोन दिवसांनी डॉक्टर म्हणाले, याचा पाय वाचला. मी धावत सांगायला गेले, तर त्याने भिंतीकडे तोंड फिरवलं. पट्टी सुटून स्वतःच्या डोळ्यांनी पाय बघेपर्यंत आठ दिवस रडत होता रे तो. मी शपथा घेत होते. पण माझ्या शब्दाला किंमत कुठे उरली होती?"

मग त्याने लेखणी उचलली. ताई आठ नंबरपाशी बसते आणि मायेने खरे ते सांगते, असे लिहून त्याने वाचून दाखवले.

"पुन्हा तेच!" आजी कडाडली. "खोटं बोलले मी. तसंच लिही."

त्याने तसेच लिहिले आणि फोन लावला.

"परिचारिका खोटं बोलते? मुलांच्या पुस्तकात?" संपादिकाबाईंचा स्वर चढला. "बदला ते. नाहीतर आम्हाला जमणार नाही."

"मग राहू द्या," तो म्हणाला.

फोन ठेवल्यावर आजीने विचारले, "नाही म्हणाली?"

"नाही म्हणाली."

"म्हणजे आता घाई नाही. तिसऱ्या पानावरचा डॉक्टर भलताच देखणा लिहिलायस. तो आधी दुरुस्त कर."